चूल स्वयंपाकघरातून हलली, न्हाणीतून नाही

हिवाळ्यात राज्याच्या हवामानाच्या बातम्यांत परभणीचे नाव हमखास येते. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेत किमान तापमान दहा अंशांच्या खाली उतरते आणि काही दिवस ते पाच-सहा अंशांपर्यंतही घसरते. याच दिवसांत गंगाखेड-लोहा रस्त्यावरच्या पालममध्ये आणि तालुक्यातल्या गोदाकाठच्या गावांत पहाटे धुराचा पातळ थर अंगणांवर तरंगताना दिसतो. हा धूर भाकरीचा नसतो. स्वयंपाकाला बहुतेक घरांत गॅसची शेगडी आलेली आहे. धूर निघतो तो आंघोळीच्या पाण्याखालच्या चुलीतून.

घरातल्या ऊर्जेची चर्चा आजवर दोन गोष्टींभोवती फिरत राहिली: स्वयंपाकाचा गॅस आणि विजेचे दिवे. गरम पाणी या चर्चेत क्वचितच येते. कुटुंबाचा हिशेब मांडला, तर हिवाळ्याचे चार महिने पाणी तापवणे हा घरातल्या सर्वांत मोठ्या ऊर्जाखर्चांपैकी एक ठरतो. सरपण, गॅस आणि वीज यांपैकी काहीही वापरले, तरी त्याची किंमत कुठे ना कुठे मोजावी लागते. कधी ती बिलात दिसते, तर कधी फुप्फुसात.

एका बादलीचा हिशेब

वीस लिटरची एक बादली घेऊ. रात्रभर गच्चीवरच्या टाकीत राहिलेले पाणी पहाटे सुमारे १८ अंशांवर असते. आंघोळीला ते ४२ अंशांपर्यंत तापवावे लागते. त्यासाठी पाण्याला द्यावी लागणारी उष्णता विजेच्या भाषेत ०.५६ युनिट भरते. वाया जाणारी उष्णता धरली, तर एका बादलीला साधारण ०.६ युनिट. पाच माणसांच्या घरात रोज पाच बादल्या म्हणजे तीन युनिट, आणि महिन्याला ९० युनिट.

महावितरणच्या घरगुती दरपत्रकात शंभर युनिटांपर्यंतचा टप्पा स्वस्त आहे. त्यापुढच्या युनिटांचा दर जवळपास दुप्पट होतो. ज्या घरात दिवे, पंखा, टीव्ही आणि फ्रीज मिळून महिन्याला ८० युनिट लागतात, त्या घरात बादलीत रॉड टाकायला सुरुवात झाली की वापर १७० वर जातो. वाढलेल्या ९० युनिटांपैकी ७० युनिट महाग टप्प्यात पडतात. ‘वापर थोडासाच वाढला, बिल मात्र दुप्पट कसे?’ या हिवाळी तक्रारीचे कारण बऱ्याचदा एवढेच असते. सगळे आकार धरून पहिल्या टप्प्यातले युनिट सहा रुपयांना आणि पुढचे बारा रुपयांना मानले, तर तीच बादली साडेतीन रुपयांवरून सात रुपयांवर जाते.

गॅसचे गणित वेगळे आहे. शेगडीवर पातेल्यात तापवलेल्या एका बादलीला अंदाजे ७५ ग्रॅम गॅस लागतो. गॅस गीझरमध्ये उष्णता कमी वाया जाते, म्हणून तेच काम साठ ग्रॅमच्या आत होते. १४.२ किलोचा सिलिंडर ९०० रुपयांचा धरला, तर गीझरची बादली साडेतीन रुपयांच्या आसपास पडते, म्हणजे स्वस्त टप्प्यातल्या विजेइतकीच. सरपणाची बादली रोख पैशात फुकट असते. पण साध्या चुलीत लाकडातली जेमतेम दहा-पंधरा टक्के उष्णता पाण्यापर्यंत पोहोचते. त्यामुळे एका बादलीमागे सुमारे एक किलो सरपण जळते. चार महिन्यांत एका घरामागे हे पाच-सहाशे किलो होते.

उज्ज्वलाचे सिलिंडर कुठे संपतात?

पंतप्रधान उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी सुरू झाली. आज देशात या योजनेच्या दहा कोटींहून अधिक जोडण्या आहेत. मात्र योजनेतले कुटुंब अलीकडच्या वर्षांत सरासरी चार ते साडेचार सिलिंडरच भरून घेते. आता वरचा हिशेब त्याशेजारी ठेवा. पाच माणसांची हिवाळ्यातली आंघोळ शेगडीवर करायची, तर रोज पावणेचारशे ग्रॅम गॅस लागतो. चार महिन्यांत हा आकडा ४५ किलो, म्हणजे तीन सिलिंडरांहून अधिक होतो. वर्षाचे चारच सिलिंडर घेणारे कुटुंब त्यांतले तीन आंघोळीला देईल, हे शक्य नाही. सवलतीचे ३०० रुपये वजा जाता उरणारी रक्कमही मजुरीवर जगणाऱ्या घराला जड जाते.

त्यामुळे घरातली वाटणी सरळ ठरते. भाकरी-भाजी गॅसवर आणि पाणी चुलीवर. पालमसारख्या कापूस आणि तुरीच्या पट्ट्यात वेचणी व काढणी संपली की पऱ्हाट्या-तुराट्यांचे भारे घरामागे रचून ठेवलेले असतात. जोडीला गोवऱ्या असतात. हे जळण विकत आणावे लागत नाही. पऱ्हाट्यांच्या या गंजी गुलाबी बोंडअळीला पुढच्या हंगामापर्यंत आसरा देतात, म्हणून त्या रचून ठेवू नयेत, असे कृषितज्ज्ञ सांगत आले आहेत. तरीही गंजी राहतात, कारण पहाटेच्या पाण्याला दुसरी सोय नाही.

सरकारी नोंदीत मात्र हे घर ‘स्वच्छ इंधन वापरणारे’ ठरते. मुख्यतः कोणत्या इंधनावर स्वयंपाक होतो, एवढेच विचारले जाते. आंघोळीचे पाणी कशावर तापते, हा प्रश्न सहसा विचारलाच जात नाही. चूल बंद झाली असे कागद सांगतो आणि ती दिवसातून तास-दोन तास पेटतच राहते.

उघड्यावरचा धूर कमी घातक असतो का?

पाण्याची चूल बहुधा अंगणात किंवा न्हाणीशेजारी असते. त्यामुळे तिचा धूर निघून जातो, असा समज आहे. तो अर्धाच खरा आहे. बंद स्वयंपाकघरापेक्षा अंगणात धूर लवकर विरतो हे बरोबर. पण काड्या सारत चुलीपुढे बसणारी बाई धुराच्या लोटातच असते. शिवाय हिवाळ्याच्या पहाटे जमीन गारठते, वारा पडतो आणि जमिनीलगतच्या थंड हवेवर उबदार हवेचा थर झाकणासारखा बसतो. अशा वेळी धूर वर चढत नाही. तो वस्तीवरच पसरून राहतो आणि शेजारच्या घरांतही शिरतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुधारलेल्या निकषांनुसार २.५ मायक्रॉनपेक्षा लहान कणांची चोवीस तासांची सरासरी घनमीटरला १५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त असू नये. सरपणाच्या चुलीजवळ हे प्रमाण शेकड्यांत जाते. घरातल्या इंधनाच्या धुरामुळे २०२० मध्ये जगभर सुमारे ३२ लाख अकाली मृत्यू झाले, असा याच संघटनेचा अंदाज आहे. त्यांत पाच वर्षांखालील मुले दोन लाखांहून अधिक होती. बिडी-सिगारेट कधीही न ओढलेल्या स्त्रियांना दीर्घकालीन श्वसनरोग होण्यामागे चुलीचा धूर हे मोठे कारण मानले जाते. मोतीबिंदू, हृदयविकार आणि बाळाचे जन्मवजन कमी भरणे यांच्याशीही त्याचा संबंध आढळला आहे.

यात एक प्रसंग विशेष लक्ष देण्याजोगा आहे, तो म्हणजे बाळंतपण. बाळंतिणीला सव्वा महिना कढत पाण्याची आंघोळ आणि शेक देण्याची रीत मराठवाड्यात आजही घरोघरी आहे. या काळात घरातला पाण्याचा वापर दुपटी-तिपटीने वाढतो आणि तेवढी जास्त चूल पेटते. बाळ आणि बाळंतीण दोघेही त्याच न्हाणीजवळ असतात. नवजात बाळाची फुप्फुसे नाजूक असतात आणि त्याच्या श्वासांची गतीही मोठ्यांपेक्षा जास्त असते. आंघोळीची रीत मोडायची गरज नाही. पाणी तापवण्याची जागा आणि साधन बदलले, तरी बाळाच्या वाट्याचा धूर टळतो.

चुलीऐवजी काय?

पहिला पर्याय बादलीतला रॉड. तो स्वस्त आहे आणि त्यात शिरलेली जवळजवळ सगळी वीज उष्णता बनून पाण्यात उतरते. धोका आहे तो विजेच्या धक्क्याचा. जुने वायरिंग, नावापुरते अर्थिंग आणि पाणी तापले का हे बघायला घातलेला हात, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की जीव जातो. रॉड धातूच्या बादलीत वापरू नये. स्विच बंद करून आणि पिन काढूनच पाण्याला हात लावावा. घराच्या मुख्य फलकावर गळतीचा प्रवाह ओळखून क्षणात वीज तोडणारा ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी बसवणे, हा या बाबतीतला सर्वांत शहाणपणाचा खर्च आहे.

दुसरा पर्याय साठवण टाकीचा विजेचा गीझर. त्याच्यावरच्या ताऱ्यांबद्दल मोठा गैरसमज आहे. पाच तारे म्हणजे पाणी तापवायला कमी वीज, असे ग्राहकाला वाटते. प्रत्यक्षात एक तारा असो की पाच, पाणी तापवायला दोन्हींना सारखीच वीज लागते. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचे तारे हे तापलेले पाणी टाकीत राहिल्यावर किती उष्णता बाहेर झिरपते, यावर ठरतात. दिवसभर बटण चालू ठेवणाऱ्या घराला पाच ताऱ्यांचा फायदा भरपूर होतो. आंघोळीआधी वीस मिनिटे लावून बंद करणाऱ्याला तो नगण्य असतो. त्याच्यासाठी तापमानाची कळ जास्त महत्त्वाची. पाणी ६० अंशांवर ठेवले, तर ते पाच सेकंदांत कातडी भाजू शकते. लहान मुले आणि वृद्ध असलेल्या घरात बादलीत आधी गार पाणी घेऊन मग गरम सोडण्याची सवय हवी.

तिसरा पर्याय गॅस गीझर. हिशेबात तो परवडतो, पण त्याची जागा चुकली तर तो जीवघेणा ठरतो. छोट्या बंद न्हाणीघरात गॅस जळताना प्राणवायू कमी पडतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला वास किंवा रंग नसतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. डोके जड होते, चक्कर येते आणि दार उघडण्याआधीच माणूस कोसळतो. भारतातल्या मेंदूविकारतज्ज्ञांनी अशा रुग्णांच्या नोंदींना ‘गॅस गीझर सिंड्रोम’ असे नावच दिले आहे. गीझर आणि सिलिंडर दोन्ही न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत आणि आत फक्त गरम पाण्याचा पाइप, हा नियम यासाठी आहे. थंडी वाजते म्हणून झरोक्यात बोळा कोंबणे हीदेखील तितकीच घातक सवय.

ज्यांना सरपणच वापरायचे आहे त्यांच्यासाठी जुना बंब आजही साध्या चुलीपेक्षा सरस आहे. बंबात जाळ मधल्या नळकांड्यात असतो आणि पाणी त्याच्याभोवती. ज्वाळेची उष्णता चहूबाजूंनी पाण्यात जाते, त्यामुळे त्याच पाण्याला सरपण कमी लागते. मात्र धूर त्यातूनही निघतोच. बंबाला घराच्या वाऱ्याआड आणि माणसांपासून दूर जागा द्यायला हवी.

सौर बंब: फायदा किती, कोणाला?

मराठवाड्याला निसर्गाने या बाबतीत एक मोठी सोय दिली आहे. इथे गरम पाण्याची गरज नोव्हेंबर ते फेब्रुवारीत सर्वाधिक असते आणि नेमके त्याच महिन्यांत आकाश निरभ्र असते. दक्षिणेकडे नीट कलते केलेले दोन चौरस मीटरचे संग्राहक शंभर लिटर पाणी दिवसभरात ५५ अंशांच्या आसपास नेऊ शकते. गार पाणी मिसळल्यावर त्यातून सात-आठ बादल्या निघतात. पाच जणांचे कुटुंब आणि एखादा पाहुणा यांना एवढे पुरते.

तरीही विक्रेत्याच्या पत्रकातले आकडे जसेच्या तसे घेऊ नयेत. शंभर लिटरचा सौर बंब वर्षाला १,५०० युनिट वाचवतो, हा आकडा केंद्राच्या नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयापासून सगळीकडे सांगितला जातो. वर्षभर रोज गरम पाणी लागणाऱ्या घराला तो लागू पडतो. पालममध्ये एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो आणि टाकीतले पाणीच गरम येते. इथे वापराचे दिवस फार तर दीडशे. दिवसाला चार युनिट धरले, तर बचत सहाशे युनिटांची होते. वीस हजारांच्या आसपास मिळणाऱ्या यंत्राची किंमत महाग टप्प्यातल्या ग्राहकाला तीन वर्षांत वसूल होईल. स्वस्त टप्प्यातल्याला साडेपाच-सहा वर्षे लागतील. यंत्र नीट राखले तर दहा-पंधरा वर्षे टिकते. म्हणजे सौदा तोट्याचा नाही, पण पत्रकात दिसतो तेवढा झटपटही नाही.

दुसरी अडचण पाण्याची. दख्खनच्या काळ्या पाषाणातून येणारे बोअरचे पाणी बहुधा क्षारयुक्त असते. सपाट संग्राहकाच्या बारीक तांब्याच्या नळ्यांत हे क्षार साचून प्रवाह अडतो. काचेच्या निर्वात नळ्यांत ते कमी अडथळा करतात आणि नळी काढून धुता येते. त्यामुळे अशा पाण्याला काचनळ्यांचा बंब जास्त सोयीचा. तिसरी अडचण छताची. भरलेली टाकी आणि सांगाडा मिळून वजन दीडशे किलोंच्या घरात जाते. पत्र्याचे छत ते पेलत नाही. अशा घरांत अंगणात लोखंडी घोडीवर यंत्र उभारता येते, फक्त गार पाण्याचा ड्रम त्याहून उंच हवा.

सरकारी पाठबळाचे चित्र मिश्र आहे. सौर बंबांना केंद्राकडून मिळणारे अनुदान २०१४ मध्ये थांबले. पुणे महापालिका मिळकत करात सवलत देते, पण ती शहरापुरती. २२ सप्टेंबर २०२५ पासून या यंत्रांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, हा अलीकडचा खरा दिलासा. याउलट छतावर वीज तयार करणाऱ्या सौर पॅनेलला पंतप्रधान सूर्यघर योजनेतून किलोवॉटमागे ३० हजार आणि तीन किलोवॉटला कमाल ७८ हजार रुपये मिळतात. वर्षभर चांगली वीज वापरणाऱ्या घराला पालमच्या हवामानात पॅनेल जास्त फायद्याचे ठरू शकते, कारण उन्हाळ्यात सौर बंब रिकामा बसतो आणि पॅनेल पंखे चालवते. हवेतली उष्णता ओढून पाण्यात सोडणारा हीट पंप एका युनिटात तीन युनिटांचे काम करतो. मात्र त्याची किंमत गीझरच्या कित्येक पट आहे. आज तो वसतिगृह, लॉज किंवा रुग्णालयाला शोभतो.

स्मार्ट मीटर बसलेल्या ग्राहकांना जुलै २०२५ पासून सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळेतल्या विजेवर सवलत मिळते. पहाटे सहाला आंघोळ करणाऱ्याला ती थेट उपयोगी नाही. दुपारी चारला पाणी तापवून रात्रभर गरम ठेवू शकणारी टाकी असेल, तरच तिचा लाभ. गीझरवरचे तारे खऱ्या अर्थाने कामी येतात ते इथे.

पैसे न लागणारे उपाय

सर्वांत स्वस्त ऊर्जा जमिनीखाली आहे. खोल बोअरमधून वर येणाऱ्या पाण्याचे तापमान वर्षभर जवळपास सारखे, परभणी परिसरात २६ अंशांच्या आसपास असते. हिवाळ्याच्या पहाटे हातपंपाचे पाणी कोमट लागते, हा अनुभव गावात कोणालाही नवा नाही. तेच पाणी रात्री टाकीत भरून ठेवले की १८ अंशांवर येते. वीज असेल तेव्हा पहाटे ताजे पाणी उपसून तापवले, तर २४ ऐवजी १६ अंशच चढवावे लागतात. खर्च एका फटक्यात तिसऱ्या हिश्शाने घटतो. मग तो खर्च सरपणाचा असो की विजेचा.

पातेल्यावर झाकण ठेवणे हा दुसरा उपाय. उघड्या भांड्यातून वाफेबरोबर बरीच उष्णता निघून जाते. तिसरा उपाय घरातल्या जुन्या बायकांना ठाऊक आहे. तान्ह्या बाळाचे पाणी उन्हात ठेवून कोमट करायचे. दुपारभर काळ्या झाकणबंद ड्रममध्ये उन्हात राहिलेले पाणी संध्याकाळच्या आंघोळीला थेट चालते आणि पोत्यात गुंडाळून ठेवले तर पहाटेपर्यंत त्यातली थोडी ऊब टिकते.

इस्रायलने १९८० मध्ये नव्या घरांना सौर बंब सक्तीचा केला. तिथे गच्चीवरची टाकी आज घराचा भागच समजली जाते. पालमला सक्तीची गरज नाही. घरकुल योजनेच्या आराखड्यात न्हाणीशेजारी गरम पाण्याची जागा आणि पाइप धरला, बचत गटांच्या कर्जाच्या यादीत सौर बंब आला आणि सर्वेक्षणाच्या अर्जात ‘आंघोळीचे पाणी कशावर तापवता?’ हा एक प्रश्न वाढला, तरी पुष्कळ काही हलेल. ज्या चुलीची नोंदच होत नाही, तिच्यासाठी योजना आखली जात नाही. तोवर बाळंतिणीच्या आंघोळीपासून सुरुवात करता येईल: त्या सव्वा महिन्यात घरात दुसरे काही बदलले नाही तरी चूल न्हाणीपासून दूर न्यावी.